‘मागच्या साली पण एक पोरगी लिहून घेऊन गेली होती’

पत्र थोडक्यात: मराठवाड्यातली एक २९ वर्षांची वाचक समाजशास्त्रात पीएचडी करते आहे. ऊसतोड कुटुंबांत पैशाचे आणि दवाखान्याचे निर्णय कोण घेतं, हा तिचा विषय. तिसरं वर्ष सरत आलंय, निम्म्याहून अधिक मुलाखती झाल्या आहेत, फेलोशिप कधीच वेळेवर येत नाही. दर सणावाराला मामा विचारतात, "यात संशोधन कसलं? बायकांच्या हातात पैसा नसतो हे आमच्या आजीलाही ठाऊक होतं." धाकटा भाऊ पुण्यात नोकरीला लागला, मैत्रिणी एमपीएससीच्या तयारीत आहेत. इथवर ती सगळं हसण्यावारी नेत होती. पण गेल्या महिन्यात एका तांड्यावर प्रश्नावली अर्धी भरून झाली असताना समोरची बाई म्हणाली, "मागच्या साली पण एक पोरगी आली होती. असंच लिहून घेऊन गेली. त्याचं काय झालं?" हिला उत्तर सुचलं नाही. वही मिटून ती परत आली, आणि तेव्हापासून एकही मुलाखत घेतलेली नाही. "मामांचंच खरं असावं असं वाटायला लागलंय," ती लिहिते. "ताई, आमच्या विषयाचा समाजाला खरोखर काही उपयोग होतो का? होत असेल तर सांगा. नसेल तर सोडून देते आणि परीक्षेच्या अभ्यासाला लागते."

तुझ्या पत्रात दोघांनी शंका काढली आहे आणि तू दोघांची एकच मोट बांधली आहेस. मामा म्हणतात, हे आम्हाला आधीच माहीत आहे. ती बाई म्हणते, हे मी तुम्हाला आधीच सांगितलंय. वरवर सारखंच वाटतं. पण मामांना तुझ्या कामाची किंमत वाटत नाही, आणि त्या बाईला ती इतकी वाटते की मागच्या खेपेला दिलेल्या वेळेचा ती हिशेब मागते आहे. मामांचं सोपं आहे, ते आधी उरकू. बाईचं अवघड आहे, आणि तिथे मी पूर्णपणे तुझ्या बाजूने बोलेन असं समजू नकोस.

‘आजीला ठाऊक होतं’ हा शेरा तुमच्या विषयाच्या लोकांना जगभर ऐकावा लागतो. आपल्याकडच्या म्हणीच घे ना. मुलगा बापासारखा निघाला की खाण तशी माती. नाही निघाला की चिखलातही कमळ उगवतं. दोन्ही आजीचंच. निकाल लागल्यावर आजी कधी चुकत नाही. निकालाच्या आधी तिला विचारलं तर ती यातली कुठली म्हण काढेल, ते कोणी सांगू शकत नाही.

पॉल लाझर्सफेल्ड नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये याच शेऱ्याची छान फिरकी घेतली होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने आपल्या सैनिकांच्या मोठमोठ्या पाहण्या करून घेतल्या होत्या. त्यांच्यावर लिहिताना त्याने आधी काही निष्कर्ष मांडले. जास्त शिकलेल्या सैनिकांना मानसिक त्रास जास्त झाला. खेड्यातले सैनिक शहरातल्यांपेक्षा खुशीत होते. दक्षिणेकडच्या उष्ण राज्यांतल्यांना बेटांवरचा उकाडा सहज सोसला. वाचणारा मान डोलावतो, की बरोबर आहे, यात नवल ते काय, यावर एवढा पैसा कशाला घालवला. मग लाझर्सफेल्ड सांगतो की वर दिलेलं प्रत्येक विधान उलटं आहे, पाहणीत नेमकं याच्या विरुद्ध आढळलं. आणि खरे निष्कर्ष पहिल्यांदा दिले असते तर तेही तुम्हाला उघडच वाटले असते.

मामांशी वाद घालण्यापेक्षा हा खेळ त्यांच्यासोबत खेळ. तुझ्या आत्तापर्यंतच्या मुलाखतींमधून निघालेल्या आठ-दहा गोष्टी प्रश्नाच्या रूपात कागदावर लिही. पोराच्या तापासाठी दवाखान्यात न्यायचं कोण ठरवतं? बाईच्या स्वतःच्या दुखण्यासाठी कोण ठरवतं? मजूर जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, घेताना बाई समोर असते का? मामांकडून उत्तरं लिहून घे, मगच तुझी वही उघड. चार चुकली तरी तुझं काम झालं. सगळी बरोबर आली तर मात्र मामांना जेवू घाल आणि प्रश्नावली पुन्हा तपास.

आता तू विचारलंस ते, समाजाला उपयोग होतो का. मी यादी देत बसणार नाही. एकच गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण तिच्यात ‘सगळ्यांना माहीत असलेलं’ कसं तपासलं जातं ते स्पष्ट दिसतं.

राजस्थानातला उदयपूर जिल्हा. लस फुकट, तरी तिथल्या खेड्यांत लहान मुलांचं लसीकरण जेमतेम. का? ज्याला विचाराल तो सांगणार, आदिवासी भाग आहे, अंधश्रद्धा आहे, लोकांना लसीची भीती वाटते. त्यावर उपाय ठरलेला: जनजागृती, भिंतीवर घोषणा, पथनाट्य. तिथे सेवा मंदिर ही संस्था काम करते. तिला सोबत घेऊन अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १३४ गावांत हे तपासायचं ठरवलं. कुठल्या गावाला काय मिळणार ते चिठ्ठ्या टाकाव्या तसं ठरलं, म्हणजे आधीच बरी असलेली गावं एका बाजूला जमली असं कोणी म्हणायला नको. काही गावांत काहीच वेगळं केलं नाही. काही गावांत दर महिन्याला ठरलेल्या दिवशी, न चुकता, लसीकरणाचं शिबिर भरवलं. आणि काही गावांत असंच शिबिर, वर प्रत्येक लसीमागे किलोभर डाळ आणि सगळ्या लसी पूर्ण झाल्या की घरात वापरायला धातूच्या थाळ्या.

जिथे काहीच केलं नाही तिथे पूर्ण लसीकरण झालेली मुलं ६ टक्के. नुसतं न चुकता शिबिर भरलं तिथे १८ टक्क्यांच्या आसपास. डाळ दिली तिथे ३९ टक्क्यांच्या आसपास. लोकांच्या मनात लसीविषयी खोल विरोध असता तर किलोभर डाळीने तो हलला नसता. त्याच भागातल्या आणखी एका पाहणीत आरोग्य उपकेंद्रं निम्म्याहून जास्त वेळा बंद आढळली होती. दिवसाचा रोजगार बुडवून, पोर कडेवर घेऊन डोंगर उतरायचा आणि कुलूप बघून परत यायचं, हे एकदा झालं की पुढच्या वेळी कोण जातं? अंधश्रद्धेचा शिक्का किती सोयीचा होता बघ. दोष आईचा, सुटला कोण?

पुढचा भाग मला जास्त आवडतो. डाळ वाटणं म्हणजे उधळपट्टी, असं हिशेब तपासणारा कोणीही म्हणेल. पण एका मुलाचं लसीकरण पूर्ण करायला लागणारा खर्च डाळीच्या शिबिरांत नुसत्या शिबिरांच्या जवळपास निम्माच निघाला. परिचारिकेचा दिवसाचा पगार, तिचा प्रवास, लस थंड ठेवण्याचा खर्च हे सगळं तिथे पाच मुलं आली तरी होणार आणि वीस आली तरी होणारच. हे आजीला ठाऊक नव्हतं, मामांना नव्हतं, आरोग्य खात्यालाही नव्हतं. करून, मोजून बघितल्यावर कळलं.

उलट बाजूचंही एक उदाहरण ठेव. शाळेत पुस्तकं फुकट दिली की पोरं शिकतील, यावर कोणाचं दुमत असणार? केनियात मायकल क्रेमर आणि सहकाऱ्यांनी तपासलं तेव्हा पुस्तकं दिल्याने सरासरी गुण वाढलेच नाहीत; आधीच पुढे असलेल्या मुलांना तेवढा फायदा झाला. पुस्तकं इंग्रजीत होती, आणि बहुतेक मुलांची ती तिसरी भाषा. इकडे मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत ‘प्रथम’ या संस्थेने वस्तीतल्याच, शालेय शिक्षण झालेल्या मुली ‘बालसखी’ म्हणून नेमल्या. मागे पडलेल्या मुलांना त्या रोज दोनेक तास वेगळं बसवून साधं वाचन आणि बेरीज-वजाबाकी शिकवत. त्याने गुण वाढले. खर्चही फार नव्हता. या सगळ्या कामांमागच्या तिघांना, बॅनर्जी, डफ्लो आणि क्रेमर यांना, २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. (बॅनर्जींच्या मातोश्री माहेरच्या पाटणकर, हे आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी तेव्हा कोणाला विसरू दिलं नाही.) अर्थात उदयपुरात डाळ चालली म्हणून ती बीडमध्ये किंवा धारावीत चालेलच असं नाही. तिथलं तिथे जाऊन बघावं लागतं.

आता उदयपूर सोड, तुझ्या भागाकडे ये. ‘पिशवी काढली’ हे शब्द तुझ्या मुलाखतींत किती जणींनी उच्चारले असतील! तिशी-पस्तिशीत गर्भाशय काढलेल्या बायका ऊसतोडीच्या गावांत आहेत, हे तिथल्या प्रत्येकाला वर्षानुवर्षं माहीत होतं. मुकादमाला माहीत होतं, डॉक्टरला होतं, शेजारणीला होतं. सगळ्यांना माहीत असून काही हललं नाही. महिला संघटनांनी आवाज उठवला, पत्रकारांनी लिहिलं, आणि २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं, म्हणजे साधारण सहापैकी एकीचं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये देशाचं प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होतं. दोन पाहण्यांची काटेकोर तुलना करायची तर वयोगट जुळवावे लागतील, हे मी तुला सांगायला नको. पण एवढी तफावत वयोगटाच्या खात्यावर टाकून मोकळं होता येत नाही. पुढे बीडमध्ये खासगी रुग्णालयांना ही शस्त्रक्रिया करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. ‘माहीत होतं’ याने जे झालं नाही, ते मोजून समोर आलेल्या आकड्याने थोडं तरी झालं.

पण आकडा ‘किती’ एवढंच सांगतो. ‘का’ हा प्रश्न उरतोच, आणि उपाय तर ‘का’वर अवलंबून आहे. मुकादम खाडा धरतो, पाळीच्या दिवसांत काम बुडतं, म्हणून पिशवी काढली? मग मजुरीचे करार आणि खाड्याचा दंड यांकडे बघायला हवं. उसाच्या फडावर ना पाणी ना संडास, अंगावरून जातं, त्यावर साधा उपचारच झाला नाही, म्हणून? मग कोपीजवळ, म्हणजे मजुरांच्या झोपडीजवळ, पाणी आणि संडास हवा, हंगामात फिरता दवाखाना हवा. ‘नाही काढली तर कॅन्सर होईल’ असं डॉक्टरने घाबरवलं म्हणून? मग बोट त्या डॉक्टरकडे वळतं. आणि ठरवलं कोणी? नवऱ्याने, सासूने, की तिने स्वतः, जावेने काढली आणि तिचं बरं चाललंय म्हणून?

मामांचं एक वाक्य खरं आहे, ते त्यांना देऊन टाक. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. ती बरोबरीने ऊस तोडते, मोळ्या बांधते, त्या डोक्यावर घेऊन रात्री-बेरात्री गाडी भरते, आणि उचल त्या कोयत्याच्या नावाने नवऱ्याच्या हातात पडते. बायकांच्या हातात पैसा नसतो, कबूल. पण तिची मजुरी तिच्या स्वतःच्या खात्यात आली तर दवाखान्याचा निर्णय बदलेल का, की पासबुक नवऱ्याच्याच खिशात राहील? हे मामांना माहीत नाही. मलाही नाही. तुझ्या वह्यांत याचं अर्धं उत्तर असणार, आणि ते अर्ध्यात सोडायची भाषा तू करते आहेस.

मामा इथे संपले. आता ती बाई.

मागच्या साली आलेल्या मुलीच्या लिखाणाचं काय झालं असेल? बहुधा काहीच नाही. प्रबंध इंग्रजीत टाइप झाला असेल, बाइंडिंग झालं असेल, तोंडी परीक्षेला पेढे वाटले असतील, आणि फाइल शोधगंगेवर, म्हणजे प्रबंध साठवणाऱ्या संकेतस्थळावर, चढली असेल. त्या तांड्याचं नावही बदलून ‘गाव क’ केलेलं असेल (ते योग्यच आहे), पण तांड्याला कोणी काही कळवलं नसेल. तू याचा बचाव करू नकोस. उदयपूर आणि नोबेल त्या बाईला सांगायला गेलीस तर ती चहा देईल आणि पुढच्या वेळी घरात नाही म्हणून सांगेल.

वही घेऊन येणाऱ्या माणसाबद्दल संशय असायला जुनी कारणंही आहेत. इंग्रजांच्या काळात हर्बर्ट रिस्ले लोकांच्या नाकांची मापं घेऊन जातींची उतरंड लावत होता आणि त्याला शास्त्र म्हणत होता. १९०१ ची जनगणना त्याच्याच हाताखाली झाली. १८७१ पासूनच्या कायद्यांनी पारध्यांसारख्या कित्येक जमाती ‘गुन्हेगार’ म्हणून नोंदवल्या गेल्या. १९५२ मध्ये ती नोंद पुसली, पोलिसांच्या मनातून ती किती पुसली गेली ते तूच सांगशील. माणसांचा अभ्यास आपोआप माणसांच्या भल्याचा होत नाही. आणि तो नेहमी खराही असतो असं नाही. मानसशास्त्रातले शंभर प्रसिद्ध झालेले प्रयोग जेव्हा पुन्हा करून बघितले तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत निष्कर्ष टिकला. हे २०१५ मध्ये जाहीर झालं. माणसं प्रामाणिक कशी होतील यावरचा एक गाजलेला शोधनिबंध २०२१ मध्ये मागे घ्यावा लागला, कारण त्यातली आकडेवारीच बनावट होती. हसावं की रडावं? तरी हे दोन्ही शोधून काढलं ते याच विषयांतल्या लोकांनी, हे माझ्या लेखी मोठं आहे. पण त्या बाईला त्याचं काय?

तिचा प्रश्न ऐकून तू उठून आलीस आणि तो प्रश्न तुझ्या विषयाला लावलास. मला वाटतं, तो तुझ्या पद्धतीला लागू होता. तुझ्या मनात एक गृहीतक आहे: उपयोग व्हायचा तो प्रबंध पूर्ण झाल्यावर, वरून, सरकारकडून होईल, आणि तसा झाला नाही तर मी तिला फसवलं. मी म्हणेन, सरकारने काय करायचं ते तुझ्या हातात नाही. तिला परत येऊन सांगणं आहे.

परत जाणारे लोक झालेत. गडचिरोलीत राणी बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. ९२ टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तशी तपासणी जेमतेम आठ टक्क्यांची झाली होती. १९८९ मध्ये हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्यावर जगभरात स्त्रियांच्या आरोग्याची चर्चा बाळंतपणाच्या पुढे सरकली. पण बंग दांपत्य छापून झाल्यावर निघून गेलं नाही. लोक दवाखान्यात का येत नाहीत हे त्यांनी लोकांनाच विचारलं. त्यांच्या शोधग्राम या वसाहतीतला दवाखाना आदिवासी पाड्यासारखा बांधला गेला आणि त्याला माँ दंतेश्वरीचं नाव दिलं गेलं, ते या विचारण्यातूनच. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये पोलीस आयुक्तालयातच अत्याचारग्रस्त महिलांसाठी विशेष कक्ष उघडला. पोलीस ठाण्यात आलेल्या बाईला कोणी काय विचारावं, ‘घरगुती भांडण’ म्हणून तिला परत का पाठवलं जातं, याचा अभ्यास आणि तिला प्रत्यक्ष मदत, दोन्ही एकाच टेबलावर. पुढे राज्य सरकारने हे कक्ष आपलेसे केले. पण त्याला वीसेक वर्षं लागली. तुझी फेलोशिप तेवढी टिकणार नाही, म्हणून तुझ्याकडून तेवढी अपेक्षाही नाही.

तुझ्यासमोर तीन-चार वाटा आहेत. पीएचडी सोडणं हा काही गुन्हा नाही. घरी पैशाची ओढ असेल, कर्ज असेल, तर परीक्षा देणं शहाणपणाचंच ठरेल; आणि उद्या तहसीलदार झालीस तर ऊसतोडीच्या गावाचा कागद समोर आल्यावर इतरांपेक्षा तुला त्यात चार गोष्टी जास्त दिसतील. पण मग ते पैशासाठी सोड आणि तसं म्हण. मामा बरोबर होते म्हणून सोडू नकोस, आणि त्या बाईसमोर लाज वाटली म्हणून तर मुळीच नको. तू वही मिटलीस तर तिच्या लेखी अर्ध्यात उठून गेलेली अजून एक पोरगी, एवढंच होईल. दुसरी वाट, एखाद्या संस्थेत नोकरी. तिथे मदत लगेच करता येते. पण पाहण्या तिथेही असतात, आणि बऱ्याचदा देणगीदाराला दाखवायला घाईघाईत उरकलेल्या. तिसरी, मार्गदर्शकांशी बोलून एक सत्र थांबणं. याने फेलोशिपवर काय परिणाम होतो ते आधी लेखी विचारून घे, तोंडी आश्वासनावर जाऊ नकोस.

माझा कल चौथ्या वाटेकडे आहे: पूर्ण कर, पण रीत बदल. आणि निर्णय मात्र आज घेऊ नकोस. आधी त्या तांड्यावर परत जा.

आज रिकाम्या हाताने गेलीस तरी चालेल, उत्तर मात्र खरं दे. "त्या पोरीच्या लिखाणाचं काय झालं ते मी शोधतेय," असं सांग आणि खरंच शोध. शोधगंगेवर विषय आणि जिल्हा टाकून बघ, आसपासच्या विद्यापीठांच्या समाजकार्य विभागांत फोन कर. ती पीएचडीचीच असेल असंही नाही. आरोग्य खात्याची किंवा एखाद्या संस्थेची पाहणी असेल. सापडलं तर त्यातलं त्यांच्या कामाचं काय आहे ते मराठीत वाचून दाखव. नाही सापडलं तर ‘नाही सापडलं’ म्हण. तेवढंसुद्धा बहुतेकांनी केलेलं नसतं.

यापुढे प्रत्येक मुलाखतीच्या सुरुवातीला स्वच्छ सांग: यातून तुला घरकुल, रेशन, पैसे काही मिळणार नाही, मला पदवी मिळेल. नको असेल तर नाही म्हण, मधेच थांबवलंस तरी चालेल. यामुळे काही जणी उठून जातील. जाऊ देत. ज्या बसतील त्या काय बोलतात ते बघ. मात्र जी माहिती तुझ्याकडे आहे ती पदरात टाकून ये. ऊसतोड कामगारांची नोंदणी करून ग्रामसेवकांमार्फत ओळखपत्र द्यायची राज्याची योजना आहे. तांड्यावर कोणाकडे ते आहे, कोणाकडे नाही, आणि अर्ज कुठे अडला, एवढं विचारायला पाच मिनिटं लागतात. त्याने निष्कर्षांवर परिणाम होईल अशी भीती वाटत असेल तर मुलाखत संपल्यावर विचार.

प्रबंध जमा करण्याआधी, नंतर नव्हे, निष्कर्ष त्यांना ऐकव. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि हंगाम संपला की परततात, तेव्हा परतल्यानंतर पाऊस पडेपर्यंतचे दिवस त्यातल्या त्यात बरे. बायकांना वेगळं बसव. पुरुषांसोबत बसल्या की काय होतं ते तुला माहीत आहे. एका पानावर मावेल एवढंच, मोठ्या अक्षरात, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी तोंडी. त्या म्हणतील, "हे चुकलंय." ते लिहून घे, प्रबंधात तसंच घाल. पर्यवेक्षक नाराज होणार नाहीत, उलट प्रकरणाला वजन येईल. मराठीत एक लेख लिही, जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात येईल असा. मामा तो वाचतील, हा जोडीचा फायदा.

हे तुझ्यासारख्या इतरांसाठीही लिहिते आहे. समाजकार्याचे विद्यार्थी, घरोघरी नोंदी करणाऱ्या आशाताई, उन्हातान्हात पाहणीचे फॉर्म भरणारी कंत्राटी मुलं, सगळ्यांना हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतोच. तुम्हाला वरून उत्तर दिलेलं नसतं, तरी वर विचारता येतं: ही माहिती कुठे जाणार, परत कोण सांगणार? आणि ज्यांच्या दारात फॉर्म येतो त्यांनीही संस्थेचं नाव, माणसाचा नंबर आणि निकाल कधी कळेल हे विचारून घ्यावं. त्या बाईने विचारलं ते काही उद्धटपणाने नव्हतं.

एक गोष्ट मात्र परत जाण्याच्या आधी, याच आठवड्यात कर. तुझ्या वह्यांत नावं आणि उत्तरं एकाच पानावर असतील तर वेगळी कर. नावांना क्रमांक दे, नाव-क्रमांकाची यादी दुसऱ्या वहीत, आणि ती वही तांड्यावर नेऊ नकोस. मुकादमाबद्दल कोण काय बोललं हे त्याला कळलं तर पुढच्या हंगामाची उचल त्या घराला मिळणार नाही. मोबाइलवर मुलाखती रेकॉर्ड केल्या असतील तर फोनला कुलूप असू दे आणि त्या फाइली भावाच्या लॅपटॉपवर, ‘सहज ठेवल्यात’ म्हणून, ठेवू नकोस.